चित्रं भिंतीवर लावलीत, काढणाऱ्यांची नावं कुठे गेली? फॅशन चित्रांच्या प्रदर्शनाच्या आयोजकांना खुलं पत्र

मा. संचालक, क्युरेटर आणि प्रदर्शनाशी संबंधित सगळी मंडळी,

नमस्कार.

तुमच्या संग्रहालयात सध्या फॅशन इलस्ट्रेशनचं जे मोठं प्रदर्शन चालू आहे, दशकादशकाने मांडलेलं, पार आजच्या कामापर्यंत आणलेलं, त्याबद्दल हे पत्र आहे. आधी मी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, मग सविस्तर ईमेल केला, त्यावर 'आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे' असं एका ओळीचं उत्तर आलं आणि भिंतीवर काहीही बदललं नाही. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, म्हणजे जे बघायला जाणार आहेत त्यांनाही कळेल की तिथे काय आहे आणि काय असायला हवं होतं.

आधी एक सांगते, प्रदर्शन बघण्यासारखं आहे आणि जाऊ नका असं मी कोणालाच म्हणणार नाही. इतकी मूळ चित्रं एका छताखाली आणणं सोपं नसतं, कागदावरचं काम दुसऱ्यांकडून मागून आणायला किती पत्रव्यवहार, किती विमा, किती मनधरणी लागते याची मला कल्पना आहे. पण म्हणूनच जास्त लागलंय मनाला. एवढं सगळं जमवून आणलंत आणि ज्यांनी ती चित्रं काढली त्यांचीच नावं लिहायची राहिली.

कुठल्याही लेबलसमोर उभे राहा. सगळ्यात वर ठळक अक्षरात फॅशन हाऊसचं नाव, खाली मासिकाचं, मग दशक, मग 'कागदावर मिश्र माध्यम', मग चित्र ज्यांच्या संग्रहातून आलंय त्यांचे आभार. चित्रकाराचं नाव असलंच तर या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी बारीक अक्षरात, आणि बऱ्याच ठिकाणी नाहीच. कपडा कोणाचा, छापला कोणी, आज चित्र कोणाच्या मालकीचं आहे, सगळं कळतं, ज्या हाताने ती रेघ मारली तो हात कोणाचा होता एवढंच कळत नाही. कपड्यांचं प्रदर्शन असतं तर मी समजून घेतलं असतं, पण इथे एकही कपडा नाहीये, सगळी चित्रंच आहेत.

मला हे एवढं का लागतं तेही सांगते. मी याच कामात आयुष्य घालवलंय. फोटो सगळीकडे पोचायच्या आधी कपड्यांच्या दुकानांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींसाठी मी चित्रं काढायचे. माणसाची उंची साधारण साडेसात डोकी धरतात, आमच्या चित्रात ती नऊ असायची, उंच मान, लांब पाय, आणि कापड कसं पडतंय ते एकदोन रेघांत दिसलं पाहिजे. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदावर फोटो काळपट डागासारखा उमटायचा आणि काळ्या शाईची रेघ मात्र स्वच्छ यायची, म्हणून आमच्यासारख्यांना काम होतं. सही करायची नाही अशी अट असायची. केलीच तर छपाईला जाण्याआधी कोणीतरी ती पांढऱ्या रंगाने झाकायचं, आणि मूळ चित्र परत मागायला गेलं तर ते कधीच फेकून दिलेलं असायचं, कारण छपाईचा ब्लॉक तयार झाला की त्या कागदाचं त्यांच्या दृष्टीने काम संपलेलं. हे कोणा एका दुकानाचं नाही, हा धंदाच असा चालला. आता मी मुलांना फॅशन ड्रॉइंग शिकवते. त्यामुळे लेबलवर नाव नसणं ही माझ्यासाठी प्रूफरीडिंगची बाब नाहीये. बाजाराने त्याच्या सोयीने जे केलं ते केलं, पण हा क्रम उलटा करता येईल अशी जागा म्हणजे संग्रहालय, आणि तिथेही तेच झालं तर मग कुठे जायचं?

आता मुद्दे.

सुरुवात अगदी पहिल्या काचपेटीपासून. प्रस्तावना म्हणून तुम्ही एकोणिसाव्या शतकातल्या फॅशन प्लेट्स, म्हणजे मासिकांतून येणारी नव्या कपड्यांची चित्रं, ठेवल्यात, छापून मग हाताने रंगवलेल्या, भल्यामोठ्या घेरांच्या झग्यांच्या. त्यातल्या एकीचं लेबल म्हणतं 'अज्ञात चित्रकार'. जरा वाकून बघितलं की चित्राच्या खालच्या कडेला बारीक तिरक्या अक्षरात कोरलेलं नाव चष्मा न लावताही वाचता येतं, अनाईस तुदूझ. ही चित्रकार अलेक्झांडर कोलँ यांची मुलगी, एलोईज लेल्वार आणि लॉर नोएल या तिच्या बहिणी, आणि तिघीही फॅशन प्लेट्स काढायच्या. त्या काळच्या फॅशन मासिकांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही या बहिणी माहीत असतात. एका बाईचं नाव तिच्या स्वतःच्या चित्रावर छापलेलं आहे आणि त्याच्या वीतभर खाली तुम्ही तिला अज्ञात म्हणताय. लेबल लिहिणाऱ्याने चित्राकडे बघितलं तरी होतं का, असा प्रश्न मला पडला आणि तो मी इथे सरळच विचारतेय. ज्यांनी त्या प्लेट्स ब्रशने रंगवल्या त्या हातांची नावं खरोखर मिळत नाहीत, पण मग तेवढं तरी लिहा, की हे रंग कोणीतरी एकेक प्रत समोर घेऊन भरलेत आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

पुढचं दालन पॅरिसचा कपड्यांचा डिझायनर पॉल प्वारे याचं. १९०८ मध्ये प्वारेने पॉल इरीब या तरुण चित्रकाराकडून आपल्या कपड्यांचा अल्बम करून घेतला, फक्त २५० प्रती, आणि १९११ मध्ये दुसरा अल्बम जॉर्ज लपापकडून. फॅशनच्या चित्राचं वळणच तिथे बदललं, प्रत्येक बटण आणि प्रत्येक लेस इमानेइतबारे दाखवणाऱ्या जुन्या प्लेट्स बघून आलेल्या माणसाला हे सपाट रंग, ही मोकळी सोडलेली जागा आणि मोजक्या रेघा बघून केवढं नवल वाटलं असेल. आणि प्वारे काही मागे राहणारा माणूस नव्हता, स्वतःच्या नावाचा डंका वाजवायला त्याला मनापासून आवडायचं, तरीही दोन्ही अल्बमच्या शीर्षकातच त्याने चित्रकाराचं नाव आपल्या नावाबरोबर घातलं. तुमच्या लेबलवर काय आहे, तर 'प्वारे, १९०८'. ज्याने जाहिरातीसाठी अल्बम काढला त्या कपडेवाल्याने शंभर वर्षांपूर्वी जे श्रेय दिलं ते संग्रहालयाने का काढून घ्यावं?

मासिकांच्या मुखपृष्ठांच्या भिंतीवरही हेच. एर्तेचं नाव आहे, कारण ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आणि हार्पर्स बझारची दोनशेहून जास्त मुखपृष्ठं त्याने केली हेही लिहिलंय, छान. पण त्याच भिंतीवर हेलन ड्रायडनचं मुखपृष्ठ फक्त 'व्होग' एवढ्याच नावाने टांगलंय. या बाईंनी १९०९ पासून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्होगसाठी एकामागून एक मुखपृष्ठं केली आणि पुढे त्या इंडस्ट्रियल डिझाइनकडे वळल्या, १९३० च्या दशकात स्टुडबेकर गाडीचं इंटिरियर त्यांनी केलं तेव्हा कंपनीने जाहिरातीत त्यांचं नाव छापलं होतं. म्हणजे एके काळी गाडी विकायला जे नाव चालत होतं ते आज लेबलवर लिहावंसं वाटत नाही.

आणि या सगळ्यात एकच चित्रकार असा आहे ज्याचं नाव फॅशन ब्रँडच्याही वर, मोठ्या अक्षरात आहे, तो म्हणजे अँडी वॉरहोल. १९५० च्या दशकातली आय. मिलर या बुटांच्या कंपनीसाठीची त्याची चित्रं. चित्रं सुंदर आहेत यात वादच नाही, शाईची रेघ ओली असतानाच दुसऱ्या कागदावर टिपून घ्यायची त्याची ती पद्धत, त्यामुळे रेघ कुठे तुटते कुठे फुगते, ते बघत मी खूप वेळ उभी होते. पण त्याला हा मान मिळाला तो नंतर दुसऱ्याच कशासाठी, म्हणजे पॉप आर्टसाठी, प्रसिद्ध झाला म्हणून, हे उघड आहे. जे आयुष्यभर इलस्ट्रेटरच राहिले त्यांना तो मान नाही. बरं, त्याच्या त्या काळातल्या कितीतरी चित्रांवरचं वळणदार अक्षर त्याच्या आईचं, जुलिया वॉरहोला यांचं आहे, त्यांचाही उल्लेख कुठे नाही.

दुसरी तक्रार मूळ आणि नक्कल यांच्या सरमिसळीची, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे बघणाऱ्याची खरंच फसगत होते. गॅझेट द्यु बाँ ताँ हे मासिक ल्युसियाँ वोजेलने १९१२ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलं आणि मधली युद्धाची वर्षं सोडता ते १९२५ पर्यंत चाललं. त्यातली जॉर्ज बार्बिये, लपाप, शार्ल मार्तँ यांची पानं तुमच्याकडे आहेत, अस्सल आहेत, आणि त्यांच्यावर लेबल आहे 'छापील प्रत'. शेजारीच त्याच मासिकातली काही पानं तुम्ही स्कॅन करून, मोठी करून, आजच्या प्रिंटरवर काढून फ्रेम केलीत आणि त्यांच्यावरही लेबल आहे 'छापील प्रत'. बघणाऱ्याने दोन्हीतला फरक कसा ओळखायचा?

ती मासिकातली पानं पोश्वार पद्धतीने केलेली आहेत. आधी रेघांचं चित्र छापायचं, मग प्रत्येक रंगासाठी धातूच्या पातळ पत्र्याचा वेगळा स्टेन्सिल कापायचा, तो कागदावर बरोबर बसवायचा आणि जाड गोल ब्रशने ग्वाश, म्हणजे अपारदर्शक रंग, किंवा जलरंग आत भरायचा. एका चित्राला असे वीस-तीस स्टेन्सिलसुद्धा लागायचे, आणि हे प्रत्येक प्रतीला पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे दोन प्रती कधीच तंतोतंत सारख्या निघत नाहीत. बार्बियेच्या एका पानासमोर मी बाजूने, तिरक्या नजरेने उभी राहिले तर झग्यावरचा तो नारिंगी रंग कागदाच्या वर आलेला दिसतो, कडेला जिथे ब्रश पत्र्यावर आपटून थांबला तिथे रंगाची बारीकशी वरंबी आहे, आणि एका जागी रंग रेघेच्या किंचित बाहेर गेलाय कारण त्या दिवशी त्या माणसाच्या हातून स्टेन्सिल केसभर सरकला असणार. शेजारच्या मोठ्या केलेल्या प्रिंटमध्ये हे काहीच नाही, तिथे सगळं गुळगुळीत, आणि तिथेच लोक जास्त थांबत होते कारण ती मोठी आहे आणि फोटोत चांगली येते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीने तिच्या मैत्रिणीला सांगितलं की हे बघ, ओरिजिनल हे आहे, छोटं असेल ते त्याचं पोस्टकार्ड. ती चुकली यात तिचा काय दोष?

मोठे प्रिंट लावायला माझी हरकत नाही, लांबून बघणाऱ्यांना, लहान मुलांना ते उपयोगी पडतात. फक्त ते आजचे प्रिंट आहेत असं स्वच्छ लिहा आणि पोश्वार म्हणजे काय ते सांगणारा एक फलक लावा, जमलं तर एक रिकामा स्टेन्सिल ठेवा काचेखाली, लोकांना एका क्षणात कळेल.

तिसरं, माउंट, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावतात तो पुठ्ठा. हे कदाचित फक्त आमच्या धंद्यातल्या लोकांनाच खुपेल पण मला ते सगळ्यात जास्त खुपलं. १९५० च्या दशकातली जी शाई आणि वॉशची, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाची, चित्रं आहेत त्यांच्या चारही कडा तुम्ही पांढऱ्या माउंटने झाकून टाकल्यात, म्हणजे आकृती मधोमध, भोवती स्वच्छ पांढरं. एका चित्राचा माउंट उजवीकडे जरा खाली घसरलाय, आणि त्या फटीतून दिसतात फिक्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा, एक बाण, एक आकडा, आणि कोणाच्या तरी घाईघाईच्या अक्षरातली सूचना, अर्धीच दिसते. ती निळी पेन्सिल मुद्दाम वापरायचे, कारण छपाईच्या कॅमेऱ्याच्या फिल्मला फिका निळा दिसत नसे, म्हणजे चित्रावर कितीही लिहा, छापताना ते येत नाही. चित्र किती लहान करायचं, कुठे कापायचं, किती कॉलमात बसवायचं, बाही बारीक करा, हे सगळं त्या कडांवर असतं. चुकलेली रेघ पांढऱ्या रंगाने झाकलेली असते, कधी हाताचा पंजा वेगळ्या कागदावर पुन्हा काढून वर चिकटवलेला असतो. हे फॅशनचं चित्र म्हणजे नुसती हवेत मारलेली एक झकास रेघ नव्हे, ते कामाचं चित्र आहे, त्यावर संपादकाची, ब्लॉकवाल्याची, गिऱ्हाइकाची बोटं उमटलेली आहेत, आणि ती सगळी तुम्ही झाकलीत. भिंतीवरच्या मजकुरात मात्र 'सहजस्फूर्त रेषा' असा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कार्ल एरिकसन, जो एरिक नावानेच सही करायचा, तो व्होगसाठी १९५८ मध्ये जाईपर्यंत काम करत राहिला आणि समोर जिवंत मॉडेल उभी असल्याशिवाय काढायचा नाही. ती सहजता किती कागद वाया घालवून येते ते ज्यांनी बसून काढलंय त्यांना विचारा. रने ग्रुओच्या एका पोस्टरवर तर माउंटने त्याची सहीच अर्धी कापलीय, वर चांदणी असलेली ती सही, जी त्याच्या चित्राच्या रचनेचाच भाग असते. ती तरी मोकळी करा.

चौथी गोष्ट लिहिताना मला जड जातंय. १९८० च्या दशकाच्या दालनात फलकावर लिहिलंय की दशकाच्या शेवटी अभिरुची बदलली आणि ही बेधडक, रंगीत शैली मागे पडली. त्या शैलीचा चित्रकार अँटोनियो लोपेझ १९८७ मध्ये गेला. टोनी विरामोंतेस १९८८ मध्ये. दोघेही एड्सने गेले, दोघेही ऐन भरात होते, लोपेझ नुकताच चव्वेचाळीस वर्षांचा झाला होता. त्या वर्षांत फॅशनच्या जगातले कितीतरी चित्रकार, डिझायनर, मेकअप करणारे, केस करणारे असेच गेले. अभिरुची बदलली असेलही, पण ज्यांनी ती शैली हाताने जिवंत ठेवली होती ती माणसं मेली, हे न सांगता नुसतं 'मागे पडली' म्हणणं हे खोटं नसलं तरी अर्धवट आहे, आणि असा अर्धवटपणा मला मान्य नाही. दोन तारखा आणि एक शब्द, एवढंच लिहायचं होतं. बघायला येणारी मुलं मोठी आहेत, त्यांना सगळं समजतं.

तिथेच आणखी एक. 'अँटोनियो' या सहीमागे दोन माणसं होती. हुआन रामोस हा कलादिग्दर्शक शिकतानाच्या दिवसांपासून शेवटपर्यंत लोपेझबरोबर काम करत होता, कल्पना, संदर्भ, रंग, मांडणी यात त्याचा वाटा होता आणि त्यांच्या कामावर लिहिणारे आज दोघांची नावं घेतात. तुमच्याकडे रामोस कुठेच नाही.

पाचवा मुद्दा थोडक्यात. १९३२ च्या जुलैमध्ये व्होगवर एडवर्ड स्टायकेनने काढलेला पहिला रंगीत फोटो मुखपृष्ठ म्हणून आला आणि 'इथून फोटोने चित्राची जागा घेतली' असं तुम्ही मोठ्या अक्षरात लिहून टाकलंय. घेतली, पण इतकी झटकन नाही. एरिक, बेरार, बूशे, ग्रुओ हे सगळे चित्रकार त्यानंतर भरभरून काम करत होते. केनेथ पॉल ब्लॉक विमेन्स वेअर डेली या फॅशन व्यवसायाच्या वर्तमानपत्रासाठी १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काढत होता. मोठ्या दुकानांच्या जाहिरातींचं तर पूर्ण जगच चित्रांवर चालत होतं, लॉर्ड अँड टेलरसाठी डोरोथी हूडने काढलेल्या जाहिरातींसारखं काम आजही शिकवताना समोर ठेवावं असं आहे. या कामाची १९६० आणि ७० ची दोन अख्खी दशकं तुम्ही शॉपकडे जाणाऱ्या बोळात लावलीत जिथे लोक चालता चालता बघतात, आणि एकाच्या पाठीला टेकून दुसरा उभा राहिला की वाट बंद होते. माझ्यासारख्या किती जणांनी पोट भरलं त्या कामावर. त्याला निदान उभं राहायला जागा द्या.

आणि आता ती गोष्ट जिच्यामुळे मी हे पत्र लिहायला बसले. मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. एक विद्यार्थिनी ग्रुओच्या चित्रासमोर खाली बसली, मांडीवर छोटी वही घेतली आणि पेन्सिलीने खांद्यापासून कमरेपर्यंतची ती एक रेघ कशी वळलीय ते उतरवून बघायला लागली. तिथल्या कर्मचाऱ्याने येऊन सांगितलं की इथे चित्र काढायला परवानगी नाही. तो माणूस नम्रपणे बोलला, त्याची काही चूक नाही, नियम त्याने केलेला नाही. पण त्याच वेळी तिच्या डोक्यावरून चार जण मोबाइलने फोटो काढत होते आणि त्यांना कोणी काही म्हटलं नाही. शाईचं पेन, रंग, ईझल नको, हे मी समजू शकते, कुठल्याही संग्रहालयात तसा नियम असतो आणि असावा. पण पेन्सिल? चित्रांच्या प्रदर्शनात पेन्सिल? अनेक मोठ्या संग्रहालयांत पेन्सिल आणि लहान वही चालते, तिथे वर्षानुवर्षं विद्यार्थी जमिनीवर बसून काढत आलेत आणि त्याने कुठल्या चित्राला धक्का लागलेला नाही.

एके काळी पॅरिसच्या कुत्युर, म्हणजे उंची फॅशनच्या, शोमध्ये स्केच करायला सक्त मनाई असायची, कारण डिझाइन चोरून त्याच्या नकला विकणारा मोठा धंदा होता. त्याला काहीतरी कारण होतं. तुमच्या दालनातल्या चित्रातला तो झगा आता कोण चोरणार आहे? त्या मुलीला जे हवं होतं ते फोटोत मिळत नाही. रेघ कुठे जाड होते, कुठे मनगट उचललंय, कुठे ब्रशमधली शाई संपत आलीय पण त्याने थांबून पुन्हा बुडवलेला नाही, हे हाताला काढूनच कळतं, आणि असंच ते एका हातातून दुसऱ्या हातात जातं. तिने वही बंद केली आणि उरलेलं प्रदर्शन मुकाट्याने बघितलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

बाकी लहान गोष्टी आहेत, पटकन सांगते. कागदावरच्या कामाला उजेड साधारण ५० लक्सच्या आसपास ठेवतात, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि तुमच्या दोन दालनांत तो पाळलेला दिसतो, पण शेवटच्या दालनात मार्कर पेनने केलेल्या चित्रांवर थेट स्पॉटलाइट आहे. मार्करचा रंग तर सगळ्यात आधी उडतो. कृपया आजच्या आज बघा. लेबलं गुडघ्याच्या उंचीवर, करड्या भिंतीवर करड्या अक्षरात आहेत, त्या कमी उजेडात ती म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाहीत. आणि बसायला एकही बाक नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक लेबलवर पहिली ओळ चित्रकाराच्या नावाची करा, फॅशन हाऊस आणि मासिक त्याखाली. जिथे नाव चित्रावरच आहे तिथे 'अज्ञात' हा शब्द या आठवड्यात काढा. जिथे खरंच माहीत नाही तिथे तसं लिहा आणि लोकांना विचारा, कोणाच्या तरी घरच्या पेटीत उत्तर असू शकतं.

मूळ चित्र, त्या काळची हाताने रंगवलेली प्रत आणि आजचा प्रिंट, या तिन्हींना वेगळी नावं द्या.

निदान चार-पाच चित्रं कडांसकट दाखवा. माउंट बदलणं जमत नसेल, मालकाची परवानगी नसेल, तर पूर्ण कागदाचा फोटो शेजारी लावा, त्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही.

१९८० च्या दालनातला फलक नव्याने लिहा आणि हुआन रामोसचं नाव घाला.

पेन्सिल आणि हातात मावेल एवढ्या वहीला परवानगी द्या आणि ती दारातच लिहून लावा, म्हणजे कर्मचारी आणि मुलं दोघांचीही अडचण होणार नाही.

यात पैशाचं काम फारसं कुठेच नाही, लेबलं कागदाची आहेत, ती बदलता येतात. आणि हे काही अशक्य मागणं नाहीये. लंडनमध्ये २०१० मध्ये सॉमरसेट हाऊसमध्ये डिऑरसाठीच्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा ग्रुओचं नाव प्रदर्शनाच्या शीर्षकात होतं. न्यू यॉर्कच्या एल म्युझेओ देल बारिओने २०१६ मध्ये अँटोनियो लोपेझच्या नावाने अख्खं प्रदर्शन केलं. म्हणजे चित्रकाराचं नाव पुढे ठेवूनही लोक येतात.

प्रदर्शन अजून काही आठवडे चालणार आहे, त्यामुळे पुढच्या वेळी लक्षात ठेवू असं उत्तर कृपया देऊ नका. तुमच्याकडे माणसं कमी असतील तर सांगा. कोणत्या चित्राला कोणाचं नाव हवं, सही कुठे आहे, कुठलं पान पोश्वार आहे आणि कुठलं आजचं प्रिंट, याची दालनाप्रमाणे यादी माझ्याकडे तयार आहे, माझे जुने सहकारी आणि विद्यार्थी ती तुमच्या नोंदींशी ताडून बघायला यायला तयार आहेत, कुणालाही मानधन नको. कोणाशी बोलायचं आणि कधी यायचं तेवढं कळवा.

आपली,
एक फॅशन इलस्ट्रेटर आणि शिक्षिका